दुसरं मशीन

निकेतचा फोन आला तेव्हा दीक्षा शेडमध्ये बसून ताटल्यांच्या कडा कापत होती. निकेत पनवेलच्या एका संस्थेत नोकरीला होता. गावागावांतल्या तरुण मुलामुलींना धंदा उभा करून द्यायचा, हे त्या संस्थेचं काम. तीन वर्षांपूर्वी दीक्षाला प्रशिक्षण दिलं ते या संस्थेनंच, आणि निकेत बँकेत सोबत येऊन बसला म्हणून तिचं मशीन आलं. त्याचा फोन म्हणजे काहीतरी चांगलंच असणार, असं धरून तिनं कात्री खाली ठेवली.

बातमी चांगलीच होती. या वर्षापासून संस्था जुन्या उद्योजकांना नव्यांचे मार्गदर्शक म्हणून नेमणार होती आणि श्रीवर्धन तालुक्यातून पहिलं नाव दीक्षाचं निघालं होतं. मानधन मिळणार होतं, पनवेलच्या कार्यक्रमात सत्कार होणार होता. दीक्षा हसत ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, शिकवायचं कुणाला?

"तुझ्याच गावातला हाय ना," निकेत म्हणाला. "शार्दूल आठवले. सेम धंदा, विरीच्या ताटल्या. तुला कुठे लांब जायला नको."

दीक्षा बरं म्हणाली, थँक्यू सर असंही म्हणाली, आणि फोन ठेवून पुन्हा कात्री उचलली. चार-पाच ताटल्या कापून झाल्यावर तिचा हात थांबला. आपण नक्की कशाला हो म्हटलं, ते तिला तेव्हा कुठे उमगायला लागलं.

पोफळीची झावळी वाळून गळते तेव्हा तिच्या बुडाशी असलेलं रुंद, चामड्यासारखं आवरण तिच्याबरोबर खाली येतं. तीच विरी. श्रीवर्धनच्या नारळ-पोफळीच्या वाड्यांमध्ये थंडीपासून पावसाच्या तोंडापर्यंत विऱ्या पडत राहतात. पूर्वी त्या अंघोळीचं पाणी तापवायला जात, नाहीतर कुंपणाच्या भोकात कोंबल्या जात. दीक्षानं त्या भिजवून, घासून, तापलेल्या साच्यात दाबून ताटल्या करायला घेतल्या तेव्हा बौद्धवाडीतल्या लोकांनाच तो पोरखेळ वाटला होता. कॉमर्स शिकलेली मुलगी, समुद्रावरच्या रिसॉर्टमध्ये ऑफिसात बसायची नोकरी, ती सोडून पाचोळा गोळा करते म्हणजे काय? पण ताटल्या खपल्या. आधी ती जिथे नोकरीला होती त्या रिसॉर्टमध्ये, मग लग्नांच्या केटरर लोकांकडे, मग पार महाडपर्यंत. आता आई सखू आणि शेजारच्या दोघीजणी तिच्याकडे रोज कामाला होत्या.

आणि यातल्या निम्म्याहून जास्त विऱ्या आठवले काकांच्या वाडीतल्या. पहिल्या वर्षी ती विचारायला गेली तेव्हा काका म्हणाले होते, "ने की. माझी वाडी झाडायचं काम वाचतं." तेव्हापासून गोदूबाई, म्हणजे काकांच्या वाडीत झाडलोट करणारी बाई, विऱ्या गोळा करून बांधावर ठेवी आणि दीक्षा टेम्पो घेऊन त्या उचलून आणी. शार्दूल हा काकांचा पुतण्या. तो पुण्याहून परत आलाय एवढं तिच्या कानावर आलं होतं. होमस्टे काढणार असेल, असं तिला वाटलं होतं.

पुढच्या आठवड्यात निकेत श्रीवर्धनला आला. दीक्षा त्याला एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात भेटली. तिनं भांडायचं ठरवलं होतं, पण निकेतवर आवाज चढवणं तिला जमेना. हा माणूस तिच्यासाठी बँकेच्या बाकावर दिवस-दिवस बसला होता. निकेत उरणकडचा. त्याच्या घरची मिठागरं कधीच गेली होती, दोन्ही भाऊ न्हावा शेवाला ट्रेलर चालवत होते, आणि घरात हा एकटाच नोकरीवाला. भावांना त्याची नोकरी काय आहे ते कधी नीट समजलं नाही, असं तो स्वतःच सांगायचा.

त्यानं शांतपणे सगळं समजावून दिलं. नवी मुंबईत एक व्यापारी आहे, तो परदेशात माल पाठवतो. त्याला लागतो तेवढा माल एका मशीनवर निघणार नाही. एका गावात दोन-तीन मशीनं झाली की तो स्वतः दारात येईल. मग गिऱ्हाईक शोधत फिरायला नको, ना तुला ना शार्दूलला.

दीक्षानं विचारलं, तीन मशीनांना पुरतील इतक्या विऱ्या आणायच्या कुठून? निकेत म्हणाला, दिवेआगर आहे, हरिहरेश्वर आहे, वाड्यांना काय तोटा. मग मशीन तिकडेच का नाही दिलं, या तिच्या प्रश्नावर तो म्हणाला की मुलगा इकडे आहे ना. आणि मुलाला खरंच गरज आहे.

यात खोटं काहीच नव्हतं. तिला तेच अवघड झालं. तिनं सरळ विचारलं, "सर, तुम्ही माझ्या बाजूचे का त्याच्या?"

निकेत बराच वेळ चहा ढवळत राहिला. "दोघांच्या," तो म्हणाला. मग त्याला स्वतःलाच ते पटलं नसावं. "असं होतं का नाही, मला पण म्हाईत नाय. ऑफिसात बोलतात ते ऐकलं की त्यात चूक सापडत नाही. तुझं ऐकलं की तुझ्यात पण सापडत नाही."

चहा पिऊन तो पुढच्या गावाला गेला.

दोन दिवसांनी गोदूबाई दीक्षाच्या दारात येऊन उभी राहिली, रिकाम्या हातांनी. काकांनी सांगितलं होतं की आता विऱ्या बांधावर नको, विहिरीजवळच्या नव्या शेडमध्ये ठेव. गोदूबाईला एवढंच विचारायचं होतं की मी आता तुझं काम करते का त्यांचं. वाडीतला पगार काका देत, आणि विऱ्यांच्या भाऱ्यांमागे दीक्षा तिला वेगळं काही देई. दीक्षा म्हणाली, मी बघते, काकांशी बोलते.

दीक्षा काकांकडे गेली तेव्हा तिच्या डोक्यात वाक्यं तयार होती. आधी सांगायला हवं होतं, सीझनच्या मध्येच असं करू नये, निदान यंदाचं वर्ष तरी जाऊ द्या. आठवल्यांचं घर वाडीच्या आत, विहीर ओलांडून. तीन वर्षांत ती तिथे कितीदा तरी गेली होती. ओटीवरच्या बाकावर बसायचं, काकूंनी आणलेला चहा घ्यायचा, निघायचं. वाईट वागणूक तिला कधी मिळाली नव्हती. या खेपेला काका दारातच उभे होते. "ये, आत ये," म्हणाले आणि वळून चालायला लागले.

दीक्षा क्षणभर पायरीवरच थांबली. या घराचा उंबरा तिनं कधी ओलांडला नव्हता, तिच्या आईनं नाही, आजीनं तर नाहीच. ती आत गेली. काकूंनी तिला खुर्ची दिली आणि पोह्यांची बशी हातात दिली. हा मान आहे, की आता आपली गरज लागली म्हणून आहे, ते तिला ठरवता येईना. आणि पोहे खाताना ते ठरवत बसणंही तिला बरं वाटेना.

काका मनापासून बोलत होते. शार्दूलची पुण्यातली नोकरी गेली, त्याला आता वर्ष होत आलं. तिथल्या खोलीत तो दार लावून पडून असायचा, फोन उचलायचा नाही. शेवटी काका जाऊन त्याला घेऊन आले. "निकेत म्हणाले की दीक्षा शिकवेल, तेव्हा मी निर्धास्त झालो," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणावर मी हे सोपवलं नसतं."

तयार केलेल्या वाक्यांपैकी एकही तिच्या तोंडून निघालं नाही. सोमवारपासून येते, असं सांगून ती बाहेर पडली.

घरी आईनं सगळं ऐकून घेतलं. सखू कमी बोलणारी बाई. विऱ्या घासता घासता ती म्हणाली, "जा. जायला लागंल. पन सगळं सांगू नको. आपल्याला कुनी सांगितलं न्हाय."

शार्दूलचं मशीन दीक्षाच्या मशीनपेक्षा मोठं होतं, एका वेळी जास्त साचे दाबणारं. शेडला नवे पत्रे होते, आणि त्या चकचकीत शेडमध्ये तो मशीनपासून हातभर लांब उभा होता, कुत्र्याला भ्यावं तसा. वयानं तिच्याहून थोडा लहान, दाढी वाढलेली, बोलताना नजर खाली. पहिल्या दिवशी त्याच्या बहुतेक ताटल्या तडकल्या, कारण विऱ्या पुरेशा भिजल्याच नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्यानं त्या इतक्या भिजवल्या की साच्याला चिकटून बसल्या. तो चिडला नाही, हसलाही नाही. "परत करू का, ताई?" एवढंच विचारायचा आणि परत करायचा.

दीक्षाला तो आवडायला लागला, आणि त्याचा तिला राग यायला लागला. तो उर्मट असता तर बरं झालं असतं. काकांच्या जोरावर वागला असता तर तिला काय करायचं ते समजलं असतं. पण हा मुलगा एक ताटली न तडकता निघाली की ती उजेडात धरून बघत राही. एकदा काम करता करता तो म्हणाला की पुण्यात मी दिवसभर काय करत होतो ते मला आता आठवत नाही, पण काल केलेल्या प्रत्येक ताटलीत काय चुकलं ते आठवतं. दीक्षानं त्याला विरीचं कोणतं टोक साच्यात वर ठेवायचं ते दाखवलं. ते दाखवायचं नाही, असं तिनं घरून निघताना ठरवलं होतं.

त्याची पहिली चांगली रास तयार झाली त्या दिवशी त्यानं विचारलं, "आता लगेच पॅक करायच्या ना?"

साच्यातून निघालेली ताटली हाताला कोरडी लागते, पण ती कोरडी नसते. ऊन दाखवून, उलटीसुलटी करून ती पुरती सुकवावी लागते. तशीच प्लॅस्टिकमध्ये बांधली की आतल्या आत बुरशी धरते. हे दीक्षाला कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्या वर्षी एका लग्नाचा सगळा माल काळा पडून परत आला, मांडवात लोकांसमोर केटररनं तिला नको ते ऐकवलं, तेव्हा ते तिला कळलं होतं.

"हो," ती म्हणाली. "लगेच."

त्यानं दुपारपर्यंत सगळं पॅक केलं. घरी जाऊन तिनं आईला सांगितलं. त्या दिवशी जेवायला वाढताना आईनं दीक्षाला आग्रह केला. दीक्षाला जेवण गेलं नाही. आपल्याला वाईट वाटतंय, की फक्त भीती वाटतेय, ते तिला समजत नव्हतं. तिनं स्वतःला हिशोब करून दाखवला: तो शिकेल, त्याचा एक लॉट जाईल, माझाही गेला होता. मग तिला काकांच्या घरातली ती खुर्ची आठवे. मग वाटे, खुर्ची दिली म्हणून काय झालं, तीन वर्षं ओटीवर बसलेच होते ना मी. आणि मग त्या दोन्ही गोष्टींचा शार्दूलच्या ताटल्यांशी संबंध काय, इथे येऊन ती अडकून बसे. पुढचे दोन दिवस तिनं त्याला काही ना काही कारण सांगितलं आणि शेडकडे फिरकली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी, आई नळावर गेलेली असताना, ती चपला घालून निघाली. शार्दूल खोक्यांवर चिकटपट्टी लावत होता. शेडमध्ये ओल्या गोणपाटासारखा किंचित वास होता. त्याला तो जाणवत नव्हता.

"उघड सगळी," ती म्हणाली. "सुकवायच्या राहिल्यात."

शार्दूलनं चिकटपट्टी खाली ठेवली. "तुम्हीच म्हणालात लगेच पॅक कर."

"चुकीचं सांगितलं होतं."

"चुकून?"

ती हो म्हणाली असती तर विषय तिथेच संपला असता. "नाही," ती म्हणाली.

त्यानं पहिलं खोकं फाडलं, मग दुसरं. दीक्षानंही एक ओढून घेतलं. अंगणात ताडपत्री अंथरून दोघं ताटल्या मांडत राहिले. काही ताटल्यांवर राखेसारखे ठिपके आले होते, त्या बाजूला काढल्या. बाकीच्या वाचण्यासारख्या होत्या. ऊन चढलं तेव्हा शार्दूलनं विचारलं, "मग आता का सांगितलंत?"

दीक्षानं खरंच विचार केला. "मला माहीत नाही," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. हे उत्तर त्याला पटलं, की पुढे बोलणंच नको होतं, ते तिला ओळखता आलं नाही. काकांना त्यानं सांगितलं का, हेही तिला कधी कळलं नाही. पुढच्या खेपेला काकांनी तिला आतच बोलावलं आणि आधीसारखेच बोलले. आईला मात्र तिनं सांगितलं. सखू म्हणाली, "मंग पैल्यांदाच कशाला खोटं बोललीस?" दीक्षाला वाटलं, हे आईनं विचारावं?

त्यानंतर गोष्टी सरळ झाल्या नाहीत. काकांच्या विऱ्या शार्दूलकडेच गेल्या. दीक्षा दिवेआगरकडच्या वाड्यांमध्ये फिरली, तिथल्या वाडीवाल्यांनीही आता विरीला किंमत असते हे ऐकलं होतं. जी गोष्ट तिनं फुकट उचलली, तिला तिच्यामुळेच भाव आला होता. तिचं काम मंदावलं. शेजारच्या दोघींपैकी एक शार्दूलकडे जायला लागली आणि रस्त्यात भेटली की अवघडून हसायची. नवी मुंबईच्या व्यापाऱ्यानं दोघांचेही नमुने मागवले. पसंत आहेत म्हणाला, जाडी सारखी करा म्हणाला, आणि मग फोन उचलेनासा झाला. नाही असंही तो कधी म्हणाला नाही.

पनवेलला सत्कार झाला. दीक्षा आणि शार्दूल एकाच गाडीनं गेले. मंचावर एक साहेब म्हणाले की एका यशातून दुसरं यश उभं राहतं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दीक्षानंही वाजवल्या. नंतर जेवणाच्या वेळी निकेतनं तिला बाजूला घेऊन सांगितलं की तो नोकरी सोडतोय. भाऊ तिसरा ट्रेलर घेत होते, तो सांभाळायला माणूस हवा होता.

"तुला मदत झाली का गं माझी?" त्यानं विचारलं.

"झाली," ती म्हणाली. लगेच तिला वाटलं की आणखी काही बोलायला हवं. पण ते काय, हे सुचेपर्यंत त्याला कुणीतरी हाक मारली.

त्याच्या जागी हेमाली नावाची मुलगी आली. चुणचुणीत होती. तिनं पहिल्याच भेटीत विचारलं की तुमची नोंद उद्योजक म्हणून ठेवायची की मार्गदर्शक म्हणून, मोबाइलवरचा फॉर्म दोन्ही एकत्र घेत नाही. दीक्षा म्हणाली, तुम्हाला सोपं पडेल ते टाका.

मे महिन्यात, लग्नांच्या ऐन गर्दीत, दीक्षाच्या मशीनचा साचा तापायचा बंद झाला. मिस्त्री महाडहून यायचा होता, आज येतो, उद्या येतो चाललं होतं. टाकीत विऱ्या भिजत पडलेल्या. भिजलेली विरी थांबत नाही, वेळेत दाबली नाही तर कुजते. शार्दूलला विचारावं, असं आई म्हणाली नाही आणि दीक्षाही म्हणाली नाही. पण गोदूबाईनं बातमी पोचवली असावी, कारण दुपारी शार्दूल स्वतः टेम्पो घेऊन आला. दारात उभा राहून म्हणाला, "माझ्याकडे दाबून घेऊ. भरा."

सखूनं लेकीकडे पाहिलं. दीक्षा टाकीतून विऱ्या उपसायला लागली. मग सखूनंही पदर खोचला.

संध्याकाळपर्यंत आठवल्यांच्या शेडमध्ये काम चाललं. दीक्षा मशीनवर, शार्दूल कडा कापायला, सखू आणि गोदूबाई सुकवायला. सोडून गेलेली शेजारीणही तिथेच होती, आणि आज आपण कुणाच्या कामावर आहोत असं तिनंही विचारलं नाही. काका एकदा येऊन दारात थांबले, सगळ्यांकडे बघितलं आणि परत गेले. थोड्या वेळानं काकूंनी चहा पाठवला.

शार्दूलचाही सकाळचा माल अंगणातच वाळत होता. ऊन उतरायला लागल्यावर गोदूबाईनं सगळ्या ताटल्या भराभरा गोळा करून एकच रास घातली. मग तिच्या लक्षात आलं. "यातल्या तुझ्या कुठल्या गं?" तिनं दीक्षाला विचारलं.

दीक्षानं एक ताटली उचलली, उलटी करून बघितली. शार्दूलनंही एक उचलली. जाडी सारखी होती, रेषा तशाच. व्यापारी मागत होता तशा.

"दीक्षाताईंच्या जास्त होत्या," शार्दूल म्हणाला. "त्यांना हव्या तेवढ्या नेऊ देत."

"माझ्या किती होत्या ते मला तरी कुठे माहीत आहे," दीक्षा म्हणाली. केटररच्या टेम्पोवाल्यानं दुपारपासून दोनदा फोन केला होता, तो आता फाटकाशी येऊन उभा होता. तिनं खोकं पुढे ओढलं आणि वरच्या थरापासून भरायला सुरुवात केली.